भावोजींचं भरतीचं घड्याळ

पडदा वर जातो. समोर राखाडी चिखल, त्यापलीकडे राखाडी पाणी, आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर पाठमोरा बसलेला एक उंच, किडकिडीत माणूस. हिवाळ्यातली सकाळ. त्याच्याभोवती पाखरांची नुसती खच्चून गर्दी. उभा जन्म मी रंगभूमीवर काढला, पण इतकं भरलेलं आणि इतकं गप्प नाट्यगृह कधी पाहिलं नाही.

तो माणूस म्हणजे माझे भावोजी, ताईचे यजमान. धंद्यानं घड्याळजी. दुकान हातरुमालाएवढं, डोळ्याला भिंग, आणि भिंतीवर आपापली वेळ सांगणारी घड्याळं. गल्लीत त्यांना बगळोबा म्हणत. हिवाळा लागून बदकं, तुतवार, चिखल्या अशी पाखरं किनाऱ्यावर उतरली, की दुकानाला कुलूप.

"अहो, निदान मनगटाला एक घड्याळ बांधा," ताई कावायची. "शोभत नाही घड्याळजीला!"

"न्हाव्याचे केस कधी नीट पाहिलेस का?" भावोजी म्हणायचे. "माझं घड्याळ तिकडं वाळूवर बसलंय."

त्यांची रीत ठरलेली. ओहोटीला पट्टीवर जाऊन बसायचं. भरती चढू लागली, की पाखरं सरकत सरकत त्यांच्या पायाशी यायची. पाखरांचे पाय भिजले, की सगळा थवा भुर्रकन उठायचा आणि भावोजीही उठायचे. पट्टी आणि किनाऱ्याचा बांध यांच्यामधला ओहळ आधी भरायचा, पण तेवढ्या वेळात पाणी गुडघ्यापर्यंतच आलेलं असे.

त्या सकाळी ताई आणि मी बांधावर चहा घेऊन बसलो होतो. पाणी चढलं. पाखरं उठेनात. पोटाला पाणी लागलं तरी माना आखडून, अंग चोरून बसलेली.

"आज फारच लाडात आलीत," ताई हसली.

मलाही कौतुक वाटलं. मग मी वर पाहिलं. पट्टीवर बहिरी ससाणा घिरट्या घालत होता. जे उडेल ते त्याच्या तावडीत सापडणार, म्हणून ती बिचारी भीतीनं थिजली होती. भावोजींचा डोळा मात्र दुर्बिणीला चिकटलेला. पाखरं बसलीत, म्हणजे अजून वेळ आहे, एवढाच त्यांचा हिशेब. त्यांच्या पाठीमागे ओहळ काठोकाठ भरून जोरानं आत धावत होता.

ताईच्या हातून पेला निसटला. "अहो, मागे बघा! पाणी!"

मी ओहळात उतरलो. कमरेइतकं पाणी झालं न झालं, तोच ओढीनं पाय उचलले आणि मला बांधावर आणून आपटलं. मग मी शेवटच्या रांगेला पोचणारा आवाज लावला. "भावोजी! उठा!"

त्यांनी मान वळवली नाही. फक्त एक हात मागे करून आम्हाला गप्प केलं. वाऱ्यावर त्यांचा दबका, चिडलेला आवाज आला. त्यानंतर तो आवाज कोणीच ऐकला नाही.

"ओरडू नका रे! पाखरं उडतील ना!"