तिसऱ्या रांगेतल्या शकूआत्या

आमच्या गाडीत सात माणसं बसतात. त्यातली किती उतरतात, हे कंपनीच्या रंगीत पत्रकात दिलेलं नाही.

सात सीटची गाडी घ्यायचा हट्ट माझा होता. सतीशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पाच सीटची आणि सनरूफवाली हवी होती. तो चाकणला कंपनीत शिफ्ट करतो आणि त्याच्या लाइनवरच्या निम्म्या लोकांच्या गाडीला म्हणे छताला खिडकी आहे. मी म्हटलं, "वर बघून काय करणार? आपल्या तळवड्यात वर धूळ आणि विजेच्या तारा. त्यापेक्षा माणसं बसतील अशी घेऊ." शोरूममधल्या मुलानं लगेच माझी बाजू घेतली. "मॅडम, तिसऱ्या रांगेत मोठी माणसंसुद्धा आरामात बसतात," असं तो म्हणाला. (हे तो उभं राहून म्हणाला. मला तेव्हाच खटकायला हवं होतं.)

तर खालून दुसरं, परवडणारं मॉडेल आम्ही दारात आणून उभं केलं. सतीशच्या शिफ्टचा नेम नाही म्हणून गाडी चालवायला मी शिकले. पहिले काही महिने तिसऱ्या रांगेत कांद्याची पोती, गॅसची टाकी आणि एकदा शेजाऱ्यांचा कूलर एवढीच मंडळी बसली. त्यांनी कधी तक्रार केली नाही.

मग माझ्या नणंदेचं, रूपालीचं स्थळ आलं. मुलगा निलेश, चाकणच्या पुढे घर, तिकडंच कंपनीत नोकरी. ते लोक आमच्याकडे येऊन मुलगी बघून गेले होते. रूपालीला मुलगा आवडला होता. ती तसं बोलली नाही, पण तेव्हापासून भांडी घासताना गुणगुणायला लागली होती, आणि त्याआधी ती मुळात भांडीच घासत नव्हती. आता आम्ही त्यांचं घर बघायला जायचं होतं.

आणि आमच्या घरात स्थळाचा शेवटचा शब्द शकूआत्यांचा. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची, आप्पांची, थोरली बहीण. राहायला मोशीला. आत्यांनी नाही म्हटलेलं स्थळ पुढं गेल्याचं आमच्याकडे कुणाला आठवत नाही. आप्पा कंपनीत युनियनचे पुढारी होते, साहेबांसमोर टेबलावर मूठ आपटायचे. पण आत्या आल्या की ते आधी चष्मा काढून ठेवतात आणि मग बसतात.

माझी अडचण वेगळी होती. आत्या गाडीत बसल्या की माझ्या मागं बसतात आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मला गाडी चालवायला मदत करतात. मागच्या वेळी स्पाइन रोडला त्या "बिरेक दाब, ट्रक आला" असं ओरडल्या म्हणून मी करकचून ब्रेक मारला. ट्रक रस्त्याकडेला उभा होता. त्याचा ड्रायव्हर खाली बसून डबा खात होता.

त्यामुळं या वेळी मी आधीच म्हटलं, "आत्या, मागची आख्खी रांग तुमच्यासाठी ठेवलीय. एकट्या ऐसपैस बसा. आम्ही पाच जण पुढं दाटीवाटीनं बसतो."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळतं, पण त्या माझ्या बाजूच्या आहेत.

सतीशनं मधल्या सीटचा पट्टा ओढला, सीट पुढं झाली, आत्या वाकून, नऊवारी सावरत, "अगं आई गं" म्हणत आत शिरल्या. सीट परत जागेवर बसली.

"आत्या, बरं आहे ना?" मी आरशातून विचारलं.

"व्हय, बेस हाय," आत्या म्हणाल्या. "निस्तं गुडघं कुठं ठिवू तेवढं सांग."

तळवड्याहून चाकणकडे जाणारा रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. खड्डा आला की आधी गाडीचा आवाज येई, मग आत्यांचा. मला मात्र फार बरं वाटत होतं. आत्या बरंच काही सांगत होत्या, पण खांद्यापर्यंत हात पोचत नव्हता.

निलेशचं घर छान होतं. पुढं अंगण, दारात रांगोळी, आणि फाटकापाशी निलेश, त्याची आई आणि वडील हात जोडून उभे. आम्ही एकेक करत रुबाबात उतरलो. आप्पांनी टोपी नीट केली. सतीशनं आत्यांना उतरवायला मधल्या सीटचा पट्टा ओढला. सीट हलली नाही. त्यानं पुन्हा ओढला. सीटनं फक्त 'कट्' असा आवाज केला.

"सरका, तुम्हाला जमत नाही," मी सगळ्यांसमोर म्हणाले आणि दोन्ही हातांनी पट्टा धरून हिसका दिला.

पट्टा आला. सीट आली नाही.

माझ्या हातात तो काळा पट्टा लोंबत होता. मुलाकडचे बघत होते. "असं होतं नव्या गाडीत," मी म्हणाले. "दुसऱ्या बाजूनं काढू." दुसऱ्या बाजूची सीट पुढं होतच नाही, ती तशी बनवलेलीच नाही, हे आम्हाला त्या अंगणात कळलं.

सतीश माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सनरूफ घेतलं असतं तर वरून काढता आलं असतं."

शेवटी मागचं दार उघडलं. त्यातून निदान हवा आत जाईल, असा विचार. फळांची करंडी बाजूला केली तर सीटच्या पाठीवरून आत्यांचा अंबाडा आणि पदर दिसला. आत्यांना मान वळवता येईना. त्यांनी तिकडं तोंड करूनच नमस्कार घातला.

"राम राम. आमी आलोय."

"या, या," निलेशचे वडील म्हणाले आणि त्यांनी अंबाड्याला हात जोडले. नातं अजून जुळायचं होतं, काय करतील बिचारे.

मग त्यांना एकदम आठवलं. "अहो, काळजीच नको. आमचा निलेश गाड्यांच्या सीटच्याच कंपनीत आहे की! निलेश, काढ बाबा आत्यांना."

सगळ्यांनी निलेशकडे बघितलं. रूपालीनं तर फारच आशेनं बघितलं. निलेशचा चेहरा उतरला.

"पप्पा, मी डिस्पॅचला आहे."

"पण सीटच ना?"

"सीट खोक्यात असतात, पप्पा. मी खोकी पाठवतो."

"मग खोक्यावर चित्र असेल की," वडील म्हणाले.

होणाऱ्या बायकोसमोर असं झाल्यावर कुठला मुलगा गप्प बसेल? निलेशनं बाह्या सरसावल्या आणि "खालून एखादी कळ असेल, मी आतून बघतो" असं म्हणून तो मधल्या सीटच्या पाठीवरून डोकं खाली घालून मागं उतरला. मुलगा उंच. आधी डोकं गेलं, मग इस्त्रीचा शर्ट गेला, पाय काही वेळ बाहेर हवेत राहिले आणि मग तेही गेले. आत बरीच खुडबुड झाली. थोड्या वेळानं तो आत्यांच्या शेजारी बसलेला दिसला. दोन्ही गुडघे कानांपाशी.

"सापडली का कळ?" सतीशनं विचारलं.

"मला वाकताच येत नाहीये," निलेश म्हणाला.

आता आत दोघं अडकले होते. सतीश शोरूमला फोन लावायला लागला. तिकडून संगीत वाजत राहिलं. निलेशच्या आईनं चहा आणला. दोन कप खिडकीतून आत गेले. आम्ही बाकीचे उघड्या मागच्या दारापाशी आपापले कप घेऊन उभे राहिलो. म्हणजे पाहुणचार सुरू झाला होता, फक्त घराऐवजी गाडीभोवती.

आत्यांनी चहा संपवला. आणि शेजारी मुलगा आहेच, हलू शकत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

"दारू पितूस का?" त्यांनी विचारलं.

"नाही," निलेश म्हणाला.

"निस्ती न्हाई, का कधीमधी न्हाई?"

"वर्षातून एकदा. कंपनीच्या पार्टीला."

बाहेर त्याच्या वडिलांनी चहाच्या कपात बघितलं.

"तंबाखू?"

"अजिबात नाही." हे तो मोठ्यानं म्हणाला.

"आमची रूपी पसंत हाय नव्हं? मग का पसंत हाय ते सांग. खरं बोल. हितं दुसरं कोन न्हाई."

मागचं दार सताड उघडं होतं आणि आम्ही सात जण हातभर अंतरावर उभे होतो. पण त्या दोघांची तोंडं पुढं. मी खाकरणार होते. सासूबाईंनी माझा दंड धरला. त्यांनाही ऐकायचं होतं.

"आत्या, खरं सांगू?" निलेश म्हणाला. "ती पहिल्याच भेटीत मला म्हणाली, मला स्वयंपाक येत नाही, नंतर फसवलं म्हणू नका. इतकं सरळ बोलणारं माणूस मी बघितलं नव्हतं. मला तिथंच आवडली. घरी मात्र मी सांगितलं, तिला सगळं येतं."

रूपाली लालबुंद झाली होती. निलेशच्या आईनं आपला कप सावकाश खाली ठेवला.

"तू तर म्हणालास, पुरणपोळीसुद्धा येते," ती म्हणाली.

आत निलेश ताठ झाला. वळता येत नव्हतं. "मम्मी, तू तिथं आहेस?"

"सगळेच आहोत."

"पप्पा?"

"हो," वडील म्हणाले. "पार्टीपासून आहे."

निलेशची आई आमच्याकडे वळली. बाई साधी, पण नजर अशी की मी पट्टा पाठीमागं लपवला. "मग त्या दिवशी तुमच्याकडे पोहे होते, ते कुणी केले होते? तुम्ही तर म्हणालात, रूपालीच्या हातचे."

असं म्हणाल्या होत्या सासूबाई. त्या आता गाडीचा मागचा दिवा निरखून बघत होत्या. आप्पांनी चष्मा काढला.

"वहिनीनं केले होते," रूपाली हळूच म्हणाली.

गाडी माझ्या हट्टाची, पट्टा माझ्या हिसक्यानं तुटलेला, आत्यांना मागं बसवलं मी, आणि पोहेही माझेच. पोरीचं जुळत आलेलं लग्न एकटीनं मोडल्याचा मान मला मिळणार होता. रूपालीकडे बघायचं धाडस होईना. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात निलेशच्या आईनं छातीवर हात ठेवून मोठा श्वास सोडला.

"देवा, सुटले," ती म्हणाली. "म्हणजे ते हिनं केलेले नव्हते."

आम्ही बघतच राहिलो.

"अहो, तेव्हापासून मी ह्यांना सांगतेय. पोरगी सोन्यासारखी, माणसं चांगली, पण तसले पोहे जन्मभर कसे खायचे? कांदा कच्चा, खाली लगदा, आणि मीठ तर..." ती माझ्याकडे बघून थांबली. "राग मानू नका, ताई."

"नाही नाही," मी म्हणाले.

"मला तर वाटलं, मुलीला त्या दिवशी ताप असेल," निलेशचे वडील म्हणाले. "म्हणून मी दुसऱ्यांदा घेतले, तिला वाईट वाटू नये म्हणून."

"येत नाही त्याला काय, शिकवता येतं," निलेशची आई म्हणाली. "येतंय असं वाटणाऱ्याला कोण शिकवणार?"

हे वाक्य ती कुणाचं नाव न घेता म्हणाली. पण अंगणातले सगळे माझ्याकडेच बघत होते.

आतून विचित्र आवाज यायला लागला आणि गाडी हलायला लागली. आधी मला वाटलं, आत्यांना चक्कर आली. आत्या हसत होत्या. निलेशला लग्न वाचल्याचा इतका आनंद झाला, की तो आहे तिथंच उठायला गेला. त्याचं डोकं छताला आपटलं, गुडघा मधल्या सीटच्या पाठीला बसला, 'खाडकन्' आवाज झाला आणि ती सीट आपणहून पुढं कोसळली. सतीशच्या कानाला अजून शोरूमचं संगीत चालू होतं.

आत्या उतरल्या. कंबर सरळ केली, पदर नीट केला, निलेशच्या आईवडिलांना आता समोरासमोर नमस्कार केला.

"स्थळ चांगलं हाय," त्या आप्पांना म्हणाल्या.

"घर बघायचं राहिलंय अजून," आप्पा म्हणाले.

"घराला काय बघायचंय? भिंती बोलत्यात व्हय?" आत्या म्हणाल्या आणि दोन्ही घरची माणसं चपला काढून आत गेली.

मीही आत जाऊन कोपऱ्यातली एक खुर्ची धरणार होते. तेवढ्यात निलेशच्या आईनं माझा हात धरला. अगदी प्रेमानं. "ताई, तुम्ही इकडं या. पोहे भिजवूनच ठेवलेत. माझ्यासमोर एकदा होऊ द्या तुमच्या हातचे, म्हणजे कुठं चुकतं ते बघू."

घर बघायला गेलेली माणसं पाहुणचार घेतात. मी परक्या ओट्यापाशी पदर खोचून, लग्नाला बारा वर्षं झाल्यावर, पोहे करून दाखवत उभी होते. बाहेर दिवाणखान्यात पेढे वाटल्याचा आवाज येत होता. मी बशा घेऊन गेले. सगळ्यांनी एकेक घास खाल्ला. निलेशच्या वडिलांनी बराच वेळ चावला.

मुलीला मुलगा पसंत पडला, मुलाला मुलगी पसंत पडली, आत्यांना दोघंही पसंत पडली. त्या दिवशी त्या घरातून "विचार करून कळवतो" असं उत्तर मिळालं ते फक्त माझ्या पोह्यांना.