आर्वीचा नट

मुलगी पाहायला सिंदीला गेलो होतो. कोणीच बोलेना, म्हणून टीव्हीवर नाचणाऱ्या प्रसिद्ध नटाकडे बोट दाखवून मी ठोकून दिलं, "हा आमच्या आर्वीचाच. माझ्या मामाच्या घरामागं राहायचा."

मुलीचे वडील हरखले. "मंग लग्नात बोलवा ना त्याले!"

"बोलावू की," मी म्हणालो. आईनं मला जोरात चिमटा काढला.

तेवढ्यात मुलगीच बोलली, "बाबा, तो पंजाबचा आहे. शेंबडं पोरगंही सांगन."

वडिलांचा चेहरा पडला. "मंग हे काऊन फेकून राह्यले?"

"घाबरले असतीन. पण यांची नोकरी तं खरी आहे ना, तेवढं पाहून घ्या."

मी घाईघाईनं ओळखपत्र काढलं. त्यावरचा माझा फोटो पाहून तिला हसू आवरेना. वडिलांनी स्वयंपाकघराकडे हाक दिली, "अवो, तोंड गोड करायले काई आण!"