दहापैकी चार

सकाळी साडेआठला आमच्या बेकरीचं दार उघडायचं आणि 'सुप्रभात'च्या आधी एक आकडा आत यायचा. "सहा." किंवा, "साडेसात, पण शेवटची दहा मिनिटं सोडून." मग एलिनेदबाई छत्री मिटून दाराशी उभी करायच्या आणि रांगेत शेवटी जाऊन थांबायच्या. आकडा आदल्या संध्याकाळच्या टीव्ही मालिकेचा असे. कुठल्या मालिकेचा, ते विचारावं लागत नसे. आमच्या ब्लायनाय गावात सगळ्यांनी तीच पाहिलेली असायची.

एकतीस वर्षं त्यांनी शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे मुलांचं जेवण रांधलं होतं. त्यामुळे असेल, त्या मालिकांतली माणसं हातांवरून ओळखत. "कप रिकामा आहे," त्या म्हणायच्या. "मनगट बघ त्याचं. भरलेला कप असा कुणी उचलतं का? ज्यांना खोटा कप चालतो, त्यांना बायकोचं मरणही खोटं चालतं." एका गुन्ह्याच्या मालिकेतली पोलीस अधिकारी तीन भाग काही न खाता धावत होती. तिला पाच. "उपाशी माणूस आधी चिडतं, मग चुकतं. ही नुसती सुंदर दिसते." विनोदी मालिकांसाठी त्यांचा एकच नियम होता: आपण विनोदी आहोत हे पडद्यावरच्या माणसांना ठाऊक असेल, तर सहाच्या वर जायचं नाही.

पण आवडलं की हातचं राखून आवडत नसे. एका मालिकेत एक म्हातारा मेंढपाळ सबंध भागात चार वाक्यं बोलला. त्याला त्यांनी दहा दिले, आणि माझा हात काउंटरवर धरून ठेवला. "त्याने फाटक लावलं ते पाहिलंस? मागे न बघता लावलं. ते फाटक त्याचंच होतं गं." त्या दिवसापासून मीही फाटकं बघू लागले.

आमच्या छोट्याशा भाषेची टीव्ही वाहिनी एकच. तिच्यावर जो मरतो तो कुणाचा तरी भाचा असतो, आणि जी रडते ती परवा आपल्यापुढे रांगेत उभी असते. म्हणून मत विचारलं की आमच्याकडे सगळे 'फार छान' म्हणतात आणि विषय बदलतात. एलिनेदबाईंच्या सख्ख्या बहिणीच्या नातवाने एकदा प्रेताचं काम केलं. "पाच," त्यांनी दारातूनच सांगितलं. "श्वास घेत होता. लहानपणीही कधी स्वस्थ पडायचा नाही."

मेलिरची मालिका आली ती अशा गावात. मेलिर हा नेस्टाचा मुलगा, आणि नेस्टा ही एलिनेदबाईंची चाळीस वर्षांची मैत्रीण. दर गुरुवारी दोघी नेस्टाच्या गाडीतून पोर्ट गावी बाजाराला जायच्या. एलिनेदबाईंना गाडी चालवता येत नव्हती, आणि नेस्टाला शेजारी कुणी बोलत असल्याशिवाय. मेलिरने बारा वर्षं कार्डिफला दुसऱ्यांच्या कार्यक्रमांसाठी विनोद लिहिले. आता 'खालची गल्ली' ही त्याची स्वतःची पहिली विनोदी मालिका. तिचा नायक शहरात राहणारा एक तरुण. त्याची गावाकडची आई नेमक्या नको त्या क्षणी फोन करते आणि विचारते, "तिकडे पाऊस आहे का?"

रविवारी पहिला भाग झाला. सोमवारी बेकरीत पाय ठेवायला जागा नव्हती. नेस्टा मधोमध उभी राहून कौतुक गोळा करत होती. साडेआठला दार उघडलं, पण आकडा आला नाही. एलिनेदबाईंनी छत्री मिटली आणि मुकाट्याने रांगेत उभ्या राहिल्या.

"काय गं, वाचा बसली का तुझी?" नेस्टा म्हणाली.

"पाव घेऊ दे."

"आकडा दे आधी."

"घरी येऊन सांगते."

"घरी कशाला? सगळ्यांसमोर दे. इतरांना देतेस ना?"

एलिनेदबाईंनी हातमोजे काढले, पुन्हा घातले. "चार."

"दहापैकी?" पोस्टमन ह्यूने विचारलं. कुणीही हसलं नाही.

"प्रेताला पाच," नेस्टा सावकाश म्हणाली, "आणि माझ्या पोराला चार?"

"प्रेताने कुणाची थट्टा केली नव्हती, नेस्टा."

नेस्टा आपला पाव काउंटरवर तसाच ठेवून निघून गेली.

त्या गुरुवारी एलिनेदबाई पिशवी घेऊन आपल्या दाराशी दहा वाजेपर्यंत उभ्या होत्या. गाडी आली नाही. त्या बसने गेल्या. पुढच्या गुरुवारीही बसनेच. शाळेतली पोरं नेस्टाला रस्त्यात पाहून ओरडायची, "तिकडे पाऊस आहे का?" आणि नेस्टा हसायची, सगळ्यांत मोठ्याने. लोक एलिनेदबाईंना समजावू लागले. ह्यू म्हणाला, "सहा करून टाका ना. आकडाच तर आहे."

"आकडाच असता तर केव्हाच केला असता."

एकदा दुकानात कुणी नसताना त्या मला म्हणाल्या, "बस फार फिरून जाते गं." आणि खिडकीतून बाहेर पाहत राहिल्या.

चौथ्या आठवड्यात मेलिर गावी आला. शनिवारी सकाळी तो बेकरीतच त्यांची वाट पाहत थांबला होता.

"मावशी, चार?"

"पहिल्या भागातला बसमधला विनोद नऊचा होता," त्या म्हणाल्या. "तो आधी घे."

"मग बाकीचे गुण कुठे गेले? आईच्या फोनवर तर लोक सगळ्यांत जास्त हसतात."

"मीही हसले. पण तिने फोन ठेवला की तुझा कॅमेरा कुठे जातो?"

"म्हणजे? मुलाकडे. गोष्ट त्याची आहे."

"प्रत्येक वेळी. फोन ठेवला की ती बाई नाहीशी होते. मी इतकी वर्षं बघतेय, फोन ठेवल्यावर नाहीशी होणारी बाई मला अजून भेटलेली नाही. ती त्या खुर्चीत बसलेली असते रे. एकदा तिच्याजवळ थांबायचं होतंस. विनोद कमी झाला नसता."

"अर्ध्या तासाची मालिका असते, मावशी. वेळ कुठे असतो?" तो जरा तापलाच. "आई म्हणते, तुझं डोकं फिरलंय."

"फोनवर म्हणाली?"

"नाही, काल घरी आल्यावर. फोन..." तो थांबला. "फोन नाही केला तिने बऱ्याच दिवसांत."

"कधीपासून?"

मेलिरने मनातल्या मनात मागे मोजलं. त्याचा चेहरा मला दिसत होता. "पहिला भाग लागला तेव्हापासून," तो म्हणाला. "मला वाटलं, लोकांच्या कौतुकात रमलीय."

एलिनेदबाईंनी त्याच्या कोटाची वर वळलेली कॉलर नीट केली आणि पाव घेऊन निघून गेल्या.

सोमवारी नेस्टा साडेआठच्या आधीच येऊन उभी होती. एलिनेदबाई आत येताच तिने गाठलं. "तुला कुणी सांगितलं होतं माझी वकिली करायला?"

"मी मालिकेबद्दल बोलत होते."

"काल तो कार्डिफला पोचल्यावर मी फोन केला. 'करत जा' म्हणून बजावून गेला होता. काय बोलावं सुचेना. शेवटी पाऊसच विचारला."

"मग?"

"आहे म्हणाला." नेस्टाने नाक पुसलं. "अर्धा तास बोलला. त्याला चार ते चारच का?"

"चारच."

"हट्टी बाई! गुरुवारी नऊला. उशीर केलास तर थांबायची नाही मी."

त्यानंतर दोन वर्षं मी त्यांचे आकडे ऐकले. मेलिरने पुढच्या मालिकेत काय केलं, त्याला किती मिळाले, ते गावात सगळ्यांना माहीत आहे. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी पहाटे एलिनेदबाई झोपेतच गेल्या. आदल्या दिवशी, गुरुवारी, त्या नेहमीसारख्या आल्या होत्या. बाहेर गाडी सुरूच होती आणि नेस्टा हॉर्न वाजवत होती. मी दोन सॉसेज रोल बांधायला घेतले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तिचा वेगळ्या पिशवीत घाल गं. गाडीत खाते, आणि सगळे तुकडे माझ्या बाजूला पाडते."