मेहरूनला न सांगितलेली मुलाखत

नाशिक सोडलं त्या सकाळी मला पोचवायला ठक्कर बाजारच्या स्टँडवर तिघं आली होती. वडील सातपूरच्या कारखान्यात लेथवर होते, ते पहिल्या पाळीला दांडी मारून आले होते. पुण्याच्या गाडीत माझी बॅग चढवून देताना ते म्हणाले, "बंगलोर काय लय लांब नाय, रंजे. एक रात काढली की आलंच." आईने डब्याची पिशवी खिडकीतून आत दिली. तिसरी माझी मैत्रीण मेहरून. तिने स्वतःच्या अक्षरात उतरवलेल्या नोट्सच्या दोन वह्या माझ्या हातात ठेवल्या. "तुला तिकडे लागतील," ती म्हणाली.

मी त्या घेतल्या. वडिलांच्या ओळखीतून नोकरी लागली, असं मी तिला सांगितलं होतं. ते खोटं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही दोघी दूरशिक्षणाने कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होतो. मी एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिंग करायचे. मेहरून जुन्या नाशकात राहायची. तिच्या अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि ती घरी शिकवण्या घ्यायची. रोज कॉलेजला जाणं दोघींनाही जमणारं नव्हतं. पुस्तकं पोस्टाने यायची. सोबत एक सीडी असायची, पण ती चालवायला घरी कॉम्प्युटर नसायचा. म्हणून दर रविवारी अभ्यासकेंद्रावर जायचं. तिथे गच्चीवर डिश, खाली टीव्ही, आणि त्या टीव्हीवर कुठल्याशा शहरातले सर प्रोग्रामिंग शिकवायचे. व्याख्यान संपलं की फोन लावून शंका विचारायची सोय होती. आमचा फोन दोन वर्षांत एकदाच लागला, तेव्हा सर म्हणाले, आता वेळ संपली.

त्यामुळे माझी खरी शिक्षिका मेहरूनच. केंद्रात एका कॉम्प्युटरवर दोघांनी बसायचं असा नियम होता. कीबोर्ड माझ्यापुढे असायचा आणि ती शेजारी हाताची घडी घालून बसायची. माझा प्रोग्राम अडला की मी म्हणायचे, "सांग ना, काय चुकलंय?" ती कधी सांगायची नाही. "आधी तू मला सांग, ही ओळ काय करते? आणि ही?" मी चिडायचे, पण एकेक ओळ समजावून सांगता सांगता चूक माझी मलाच सापडायची.

एकदा मी स्वाध्याय द्यायला केंद्रावर एकटीच गेले होते. तिथल्या सरांनी सांगितलं, बंगलोरची एक सॉफ्टवेअर कंपनी पुण्यात मुलाखती घेतेय, दूरशिक्षणाची मुलंही चालतील. "मेहरूनला पण कळव," ते म्हणाले. मी हो म्हटलं आणि कळवलं नाही. आपल्या केंद्रातून घेतलं तर एकालाच घेतील, आणि दोघी गेलो तर ती एक मी नसेन, एवढाच हिशोब माझ्या डोक्यात होता. मुलाखतीत मला जे विचारलं, ते सगळं मेहरूनने माझ्याकडून घोटून घेतलेलंच होतं.

बंगलोरमध्ये पहिले काही महिने जड गेले. भाषा, भात, पेइंग गेस्टच्या खोलीतल्या चार मुली. मग अंगवळणी पडलं. घरी फोन केला की वडील एकच विचारायचे, "पोटभर जेवती ना?" मेहरूनची सुरुवातीला पत्रं आली. मी दोन-तीनदा उत्तर दिलं, मग थांबले. तिच्या पत्रात कसलाच संशय नसायचा, म्हणूनच ती वाचणं मला सोसत नव्हतं.

काही वर्षांनी मी कंपनीच्या ट्रेनिंग विभागात आले. नवीन इंजिनिअरांसाठी ऑनलाइन धडे बनवायचे, हे माझं काम. स्लाइड्स, त्यावर माझा आवाज, शेवटी टेस्ट. देशभरातल्या ऑफिसांतली मुलं आपापल्या टेबलावर बसून ते शिकायची. टीव्हीपुढे बसून शिकलेली मी आता स्वतः पडद्याच्या आत गेले होते, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

मग टेस्टमध्ये पैकीच्या पैकी मिळवलेल्या एका मुलाने क्लायंटच्या डेटाबेसमधलं अख्खं टेबल, म्हणजे माहितीचा सगळा तक्ताच, पुसून टाकलं. एकच नोंद काढायची होती, पण कुठली, ती अट लिहायलाच तो विसरला. बॅकअप होता म्हणून निभावलं. कोणी धडा किती वेळ पाहिला, याच्या सिस्टिममधल्या नोंदी साहेबांनी मला काढायला लावल्या. माझा चाळीस मिनिटांचा धडा मुलं पाच-सहा मिनिटांत संपवत होती. 'पुढे', 'पुढे', 'पुढे', आणि टेस्टची उत्तरं एकमेकांना मेल.

काय कमी आहे ते मला त्याच दिवशी कळलं होतं. तरी मेहरूनला फोन करायला मला महिना लागला.

ती आता एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होती. आवाज ऐकून खूश झाली. मी कामाचं बोलले: नाशिकमध्ये राहूनच करता येईल, मुलं अडली की नेटवरून तुला लिहितील, तू त्यांना शिकवायचंस. मग धीर करून मुलाखतीचंही सांगून टाकलं.



"आहेस ना लाइनवर?" मी म्हणाले.

"आहे. ऐकतेय." मग म्हणाली, "तू सांगितलं असतंस तर अब्बांनी सोडलं असतं की नाही, मला माहीत नाही. मी तरी आले असते की नाही, तेही माहीत नाही. पण ते मी ठरवायचं होतं ना, रंजना?"

तिने फोन ठेवला. तीन आठवड्यांनी दोन ओळींचा मेल आला. 'काम घेते. पण मी उत्तरं देणार नाही, हे तुझ्या साहेबांना आधीच सांग.'

सुरुवातीला तक्रारींचा पाऊस पडला. या मॅडम विचारलेलं सांगत नाहीत, उलट आपल्यालाच प्रश्न विचारतात! मी साहेबांपुढे तिची बाजू लावून धरली. इतक्या वर्षांत तिच्यासाठी मी केलेली ती पहिली गोष्ट. हळूहळू तक्रारी कमी झाल्या आणि मुलांचे मेल लांब होऊ लागले. एकेक ओळ काय करते ते मुलं तिला लिहून कळवू लागली. टेबल पुसणारा तो मुलगा तर सहा महिने तिच्याशी झगडला आणि पुढे त्याच्या टीमचा प्रमुख झाला. मेहरूनला त्याने कधी पाहिलेलं नाही. माझे रेकॉर्ड केलेले धडे पुढच्या वर्षी काढून टाकले. वाईट वाटलं, नाही असं नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी जे माझ्यासारखे गावाबाहेर पडले, त्यांना सांगते, आपल्या हुशारीवर आपण बाहेर पडलो असं म्हणणं सोपं असतं. आणि जे मागे राहिले, त्यांच्यापैकी किती जण खरंच स्वतःहून राहिले आणि किती जणांना कोणी कळवलंच नाही, हे मला आता विचारावंसं वाटतं.

वडील निवृत्त झाल्यावर आई-वडील पेठ तालुक्यातल्या आमच्या गावी गेले, शेतात भात आणि नागली पिकवतात. सातपूरच्या आमच्या खोलीत दुसरं कुटुंब राहतं. त्यामुळे नाशिकला माझं म्हणावं असं छप्पर नाही. गेल्या खेपेला गावी जाताना मध्ये मेहरूनकडे थांबले. तिने घरी सगळं सांगितलंय, हे मला दारातच कळलं. तिच्या अम्मी माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"तेरे को उसको बोलना था," त्या म्हणाल्या.

"हां, अम्मी."

"बहुत गलत किया तूने." मग बाजूला सरकून त्यांनी मला आत घेतलं. "चल, हाथ धो ले. खाना ठंडा हो रहा है."

बंगलोरमध्ये माझ्या नावावर फ्लॅट आहे, तिथे माझ्याविषयी कोणालाच काही माहीत नाही. त्या दिवशी मी मेहरूनशेजारी जेवायला बसले आणि कितीतरी वर्षांनी मला घरी आल्यासारखं वाटलं.