आईची रात्रपाळी

आईला डिमेन्शिया आहे हे कळलं, तेव्हा आम्ही नायगावची चाळ सोडून नव्या टॉवरमध्ये नुकतेच राहायला आलो होतो. दिवसा ती बरी असायची. भाजी निवडायची, जावयाशी गप्पा मारायची. ऊन उतरलं की मात्र तिची चुळबुळ सुरू व्हायची. पदर खोचून, पिशवी घेऊन ती दाराशी उभी राहायची.

"ड्युटीला जायचंय मला. उशीर होतोय."

परळच्या एका इस्पितळात ती आया होती. बरीच वर्षं रात्रपाळीच केली तिने.

"अगं, तू केव्हाच रिटायर झालीस," मी सांगायचे. मग ती चिडायची, कधी रडायची. "पेशंट खोळंबलेत आणि ही मला कोंडून ठेवते," असं पुटपुटत रात्रभर घरात फेऱ्या मारायची. ऑफिसात मला डुलक्या यायच्या.

डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका. सकाळचं ऊन मिळू द्या, दुपारी फार झोपू देऊ नका, संध्याकाळचा चहा बंद करा, अंधार पडायच्या आत दिवे लावा. आम्ही सगळं केलं. खिडकीच्या काचेत स्वतःलाच बघून "ही बाई कोण?" म्हणत ती घाबरायची, म्हणून पडदेही लवकर ओढू लागलो. थोडा फरक पडला, पण तिचं दाराशी जाणं काही सुटलं नाही.

एका संध्याकाळी मी तापाने फणफणून पलंगावर पडले होते. आई पिशवी घेऊन निघाली. उठायचं त्राण माझ्यात नव्हतं. इस्पितळात तिला सगळे मावशी म्हणायचे, ते आठवलं.

"मावशी, जरा पाणी देता?"

ती थबकली. पिशवी ठेवून पाणी घेऊन आली. मानेखाली हात घालून मला पाजलं, कपाळ चाचपलं.

"बरोबर कोण आहे तुझ्या?"

"कोणी नाही."

"असू दे. मी आहे ना." तिने चादर नीट केली, नाव विचारलं. मी सांगितलं.

"माझ्या मुलीचंही हेच नाव. हुशार आहे गं. पण मी रात्री घरी नसते ना, म्हणून रुसते."

"आता नाही रुसत ती," मी म्हटलं.

ती माझ्या केसांतून हात फिरवत राहिली. हळूहळू तो हात जड झाला. नवऱ्याने तिला तिच्या खाटेवर नेऊन निजवलं. सकाळपर्यंत ती उठली नाही.

तेव्हापासून दिवेलागणीला आम्ही तिच्यासमोर जुन्या चादरी ठेवतो. वॉर्डातल्या आहेत असं समजून ती त्यांच्या घड्या घालते. मग नवरा म्हणतो, "मावशी, मी आलोय ड्युटीवर. तुम्ही आराम करा आता."

बहुतेक वेळा ती ऐकते. एखाद्या रात्री नाहीच ऐकत. मग आम्ही दोघं आळीपाळीने तिच्याबरोबर जागतो, आणि मी तिला मावशीच म्हणते.