फाटलं, भोक नाई पडलं

"फाटलं. भोक नाई पडलं."

वर्तमानपत्राचं पान दोन्ही हातांनी उजेडात धरायचं, एक डोळा मिटायचा, फाटलेल्या जागेतून पलीकडे पाहायचं आणि हे वाक्य म्हणायचं. देवळीच्या बाजारात माझं रद्दी-भंगाराचं दुकान, समोरच नाकेदारांचं घर. जंगल खात्यात नाकेदार होते, म्हणून निवृत्तीनंतरही सारं गाव त्यांना नाकेदारच म्हणे. नोट, विड्याचं पान, सगळं ते उजेडात धरून पाहत. माझ्या बायकोनं दिलेला चहाचा ग्लाससुद्धा.

"चहात काय पाहता, नाकेदार?"

"दूध शोधून राह्यलो."

मी सायकलला पोती बांधून गावोगाव बाटल्या गोळा करत वर आलेला माणूस. सौद्यात मला कोणी फसवलं नाही. एक नाकेदार सोडून. कसं ते सांगतो, मग कोणाचं बरोबर ते तुम्हीच ठरवा.

ऐंशी-ब्याऐंशीचा सुमार, वैशाखाचे दिवस. वर्ध्याला कारखाना उभारायला आलेला एक गोरा इंजिनिअर परत जाताना बंगल्यातलं सामान उक्तं विकून गेला. ते मी उचललं. त्यात एक चमत्कारिक वस्तू होती. मधे धातूची मूठ, वर-खाली वाकलेले दोन दांडे, टोकांना दोन चाकं, चाकांवरून फिरवलेल्या तारा आणि एक दोरी. मला वाटलं, पडदे ओढायचं यंत्र असावं. सोबत ॲल्युमिनियमच्या नळ्या होत्या, शेपटीला प्लास्टिकच्या तीन-तीन पट्ट्या. टीव्हीचे अँटेने तेव्हा नवीन निघाले होते. त्यातलंच काही असेल, म्हणून बाजूला टाकल्या.

नाकेदारांनी ते यंत्र उचललं, दोरी जराशी ओढली आणि चेहरा कोरडा ठेवून विचारलं, "हे कसं देतं?"

"वजनावर."

"न् ह्या नळ्या?"

"घेऊन जा फुकट."

"मूठभर खिळे बी दे त्या डब्यातले." डब्यात बोट फिरवून त्यांनी नेमके हवे ते खिळे वेचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या अंगणातून 'सट्' असा आवाज आला. जाऊन पाहतो तर माझं पडद्याचं यंत्र त्यांच्या हातात ताणलेलं, माझी अँटेनाची नळी कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, पोत्यात घुसलेली आणि तिच्या टोकाला माझाच खिळा!

"नाकेदार, हे धनुष्य होय?"

"होय."

"मंग काल काऊन नाई सांगितलं?"

"तू इचारलं कुठी?"

मी भर बाजारात तासभर ओरडलो. घरी आलो तर बायको म्हणाली, "लोकायच्या घरून पितळ उचलता, तवा सांगता का त्यायले, बाई हे पितळ हाय म्हून?"

पण एका गोष्टीनं माझा जीव थंड झाला. बाण सरळ जात नव्हता. भाकर दिसलेल्या कुत्र्यासारखा शेपूट हलवत जाई. मी लगेच डाव टाकला. दसऱ्याच्या दिवशी, सगळ्यांसमोर, एका बाणात सरळ मारून दाखवायचं. नाही जमलं तर नेल्या भावानं धनुष्य परत. जमलं तर मी जन्मात या सौद्याचं नाव काढणार नाही.

"सरळ म्हंजे किती सरळ?" त्यांनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच शोधलं. विणकाम काढलेली जुनी खाट उभी केली, तिच्या चौकटीवर वर्तमानपत्राचं पान खळीनं चिकटवलं आणि मागे कुटाराची पोती रचली. बाण सरळ गेला तर कागदाला नळीएवढं गोल भोक पडणार, भोवती पट्ट्यांच्या तीन चिरा. तिरका गेला तर कागद फाटणार.

"पाऊल पाह्यलं का जनावर लंगडते का नाई थे समजते," ते म्हणाले. "हे बाणाचं पाऊल."

मग सुरू झालं ते वेड. रद्दी ते माझ्याकडूनच घेत आणि फाटली की मलाच विकत. मरणाची बातमी असलेलं पान मात्र वेगळं काढत, त्यावर बाण मारत नसत. चिवडेवाला पुडीला माझी रद्दी नेई. तो एकदा भांडायलाच आला, "शेट, गिऱ्हाईक घरी पोचेस्तोवर पुडीतले सारे शेंगदाणे गळून राह्यले!"

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसे. माझ्या मालावर नजर ठेवायला, दुसरं काही नाही. कागद वर फाटला तर बाणाचं शेपूट वर राहिलं. मग दोरीवरची, बाण अडकवायची पितळी कडी केसभर खाली. बाजूला फाटला तर बाण टेकतो ती पट्टी केसभर सरकवायची. पण कडी आणि पट्टी एका दिवशी कधीच नाही.

"दोन्ही हलवा ना," मी वैतागून म्हणे. "दसरा येऊन राह्यला."

"एका टायमाले एकच. दोन हलवले तं बिघडवलं कोणं थे कसं समजन?"

श्रावणात अंगणात कागद भिजून लोंबायला लागला. मग खाट माजघरात आली. स्वयंपाकघरातून त्यांची सून ओरडे, "मामाजी, पोळ्या होऊ द्या, मंग मारा!"

एकदा मी विचारलं, "शिकार तं कवाची बंद झाली. मंग हे कायच्यासाठी? कोणाले मारणार?"

ते कडी फिरवत म्हणाले, "नोकरीच्या आधीची गोष्ट. बांबूचं धनुष्य होतं, घरी केलेलं. बाण असाच हलत गेला न् चितळाच्या पोटाले लागला. पडलं नाई. पळालं. अंधार पडेस्तोवर मी रक्तामागं फिरलो. नाई भेटलं." त्यांनी डोळा मिटून बाण न्याहाळला. "त्याच्यानंतर जनावरावर हात नाई उचलला. पण थे अजून पळूनच राह्यलं, शेट. एक डाव बाण सरळ गेलेला पाह्याचा हाय मले."

पण सौदा आपल्या जागी होता.

दसऱ्याला संध्याकाळी त्यांच्या अंगणात ही गर्दी. आपट्याची पानं वाटणं बाजूला ठेवून लोक भिंतीवर चढले होते. नाकेदार सुनेनं शिवलेला नवा, लांब बाह्यांचा टेरिलीनचा शर्ट घालून उभे. धनुष्य ताणलं, चाकं फिरली, बाण सुटला.

"पडलं, पडलं! भोक पडलं!" गर्दी ओरडली.

नाकेदारांनी पान काढून उजेडात धरलं. एक डोळा मिटला.

"फाटलं," ते म्हणाले.

"कुठी फाटलं? भोकच हाय थे!"

"नखभर फाटलं." त्यांनी येऊन धनुष्य माझ्या हातात ठेवलं. "घे, शेट. सौदा म्हंजे सौदा."

वैशाखापासून मी याच क्षणाची वाट पाहत होतो. वस्तू हातात होती आणि माझं डोकं असं भडकलं की विचारू नका.

"एका बाणात?" मी ओरडलो. "माझ्या दुकानात एका बोलीत कवा सौदा तुटला का? तीन बोल्या लागतात!"

"एकच बाण ठरलता."

"ठरलता तं ठरलता! म्या ठरवलं, म्याच मोडतो. काल सकाळी केसभरच फाटलं होतं, म्या पाह्यलं. मंग आज काय झालं? काय बदललं आज?"

दुसऱ्याच्या मालातली खोट काढणं हाच माझा धंदा. मी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि सापडली.

"बाही! नाकेदार, बाही! रोज तुमी बंडीवर मारता!"

दोरी सुटताना नव्या शर्टाच्या सैल बाहीला घासत होती. नाकेदारांनी बाहीकडे पाहिलं आणि शर्ट काढून सुनेकडे दिला. ऐन दसऱ्याला, चारचौघांत, बंडीवर उभे राहिले.

मी धनुष्य परत त्यांच्या हातात दिलं, नवं पान लागलं, बाण सुटला. या वेळी कागद हललासुद्धा नाही.

त्यांनी पान उजेडात धरलं. गोल भोक, भोवती तीन बारीक चिरा. त्या भोकातून त्यांचा एक डोळा माझ्याकडे पाहत होता.

"पडलं," ते म्हणाले. मग जवळ येऊन आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवत, मला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाले, "चितळ बसलं, शेट."

धनुष्य त्यांच्याच घरी राहिलं. "हातात आलेली वस्तू वापस देल्ली," असं बायको पुढची कित्येक वर्षं ऐकवत होती. मी मात्र सौद्याचं नाव न काढण्याचा शब्द एक दिवसही पाळला नाही. रोज नाव काढलं. ते रोज हसले.

नाकेदार गेल्यावर काही महिन्यांनी सून रद्दीचा गठ्ठा घेऊन दुकानात आली. मी एकेक पान उचलून पाहू लागलो.

"काय पाहून राह्यले, काकाजी?"

"खोट. भाव पाडाले."

पानोपानी गोल भोक, एकही पान फाटलेलं नव्हतं.

ती घरी जाऊन धनुष्य घेऊन आली. "मामाजी सांगून गेले होते. शेटले वजनावरच देजो, न् नळ्या वर फुकट."

"चाकं गंजली असतील," मी सवयीनं म्हणालो. तिनं बोटानं चाक फिरवलं. ते आवाज न करता फिरलं.

मी धनुष्य तराजूवर ठेवलं नाही. वरचं एक पान घेतलं, उजेडात धरलं, एक डोळा मिटला. भोकातून समोरचं अंगण दिसलं. खाट अजून उभी होती. चौकटीवर कागद नव्हता.