घरात माणसं सहा, म्हणून एमसीबी सहाची!

घरातल्या माणसांचा आणि अँपियरचा काहीही संबंध नसतो, हे मला धाकट्या बहिणीला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर कळलं.

झालं असं की मीटरजवळची एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारं ते बटण) खराब झाली, म्हणून मी नांदेडच्या बाजारात गेलो. दुकानदारानं विचारलं, "लोड किती हाय?"

मी छातीठोकपणे सांगितलं, "सहा माणसं हायत!"

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं आणि गुमान सहा अँपियरची काढून दिली. (माझ्यासारखी गिऱ्हाइकं त्याला रोज भेटत असावीत.)

तेव्हापासून कूलर चालू असताना मिक्सर लावला, की खट्! अख्खं घर बंद. मग आम्ही पद्धतच पाडली. बटण दाबायच्या आधी ओरडून विचारायचं, आणि बाकीच्यांनी आपापलं बंद करायचं.

"अहो, कुणाला तरी दाखवा की," बायको म्हणायची.

"सेफ्टी हाय ती!" मी म्हणायचो.

अशात लातूरचे पाहुणे आले. भर उन्हाळा! मुलगा, त्याचे आई-वडील आणि मामा कूलरसमोर बसले. मुलाच्या वडिलांनी माझ्या बहिणीला, सुषमाला विचारलं, "शिक्षण काय झालं, बाळ?"

ती तोंड उघडणार, तोच आतून आमच्या आईची आरोळी आली, "मिक्सर लावू का?"

सवयीनं मी उठून कूलर बंद केला. सुषमानं उठून पंखा बंद केला!

"काय झालं?" मामा दचकले.

"काही न्हाई. चटणी हाय."

चटणी झाली, कूलर लागला. तेवढ्यात मुलानं खिशातून मोबाइलचा चार्जर काढला. त्याचा हात बटणाकडं जाताच आमचं अख्खं घर एका सुरात ओरडलं, "थांबा!!" बिचाऱ्यानं दोन्ही हात वर केले.

घाम पुसत तो म्हणाला, "एमसीबी कितीची हाय?"

"सहाची."

"सहाचीच का?"

"घरात माणसं सहा हायत म्हणून."

मग त्याचे वडील गंभीरपणे म्हणाले, "आम्ही चौघं आलाव. आता धाची लागंल की!"

सुषमा इतकी हसली, की तिला पदर आवरेना. मुलगा तिच्याकडंच बघत मला समजावू लागला, "दादा, वायर किती जाड, अन् तिच्यावर लोड किती, ते बघून ठरवतेत. उगं मोठीबी लावू नका, एमसीबी पडायची न्हाई अन् वायर जळंल. इलेक्ट्रिशियनला बोलवा."

मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. सुषमा मात्र मान डोलवत होती.

लग्न ठरलं! घरात सगळ्यांना कामं वाटून दिली. मला फक्त वरातीत नाचायचं काम मिळालं. तेही बँडच्या लाइटिंगपासून लांब राहून!